जास्तीचा किनारा

आमच्या सासूबाईंची जीभ काळी आहे, असं सगळे म्हणतात. मी बारा वर्षं त्यांच्या हाताखाली समारंभांची सजावट करते आहे, दोन्ही वेळा त्यांच्यासमोर बसून जेवते, मला काही त्यांच्या जिभेवर तीळ दिसलेला नाही. पण त्या बोलतात ते खरं होतं, एवढं कबूल करायला हवं. जिन्याचा कठडा हलतोय म्हणाल्या, आठवड्यात तो शेजारच्या काकांसकट खाली आला. खरं म्हणजे त्या भविष्य सांगत नाहीत, नुसतं नीट बघतात. बाकीचे आपण बघायचा कंटाळा करतो आणि मग त्यांच्या जिभेवर खापर फोडतो.

तळमजल्यावरच्या लांबट खोलीत आमचं काम चालतं. एका भिंतीला कापडाची ठाणं, दुसऱ्या भिंतीला थर्माकोल, मधे कापायचं टेबल. कापड लावताना सासूबाई टाचण्या दातांत धरतात, त्यामुळे कामाच्या वेळी घरात शांतता असते. त्यांची एक सवय आहे. वाढदिवस असो नाहीतर लग्नाची पन्नाशी, आधी त्या घरचे फोटो मागवायचे आणि तारखेप्रमाणे फरशीवर ओळीनं मांडायचे. आधी काय झालं ते बघितल्याशिवाय पुढचं सजवायचं नाही, हा धडा मी पहिल्याच आठवड्यात शिकले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदबाईंनी परदेशातून मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. एक मुलगा ठरला, कागद झाले, नणंदबाई त्याच्या खोलीच्या दारावर नाव रंगवायला बसल्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या की पोर उंबऱ्यात येऊ दे, मग रंगव. पंधरा दिवसांनी तिकडून कळलं, मुलाचा काका पुढे आलाय, मूल मिळणार नाही. नणंदबाईंनी फोन ठेवला आणि आईकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या जिभेनं गेलं." त्यानंतर आठ महिने मायलेकींचं बोलणं बंद होतं. सासूबाई संध्याकाळी फोनचा आवाज मोठा करून ठेवत, आणि विचारलं की सांगत, गिऱ्हाइकाचा यायचाय.

फोन आलाच नाही. एक दिवस नणंदबाईच आल्या, काखेत फाइल घेऊन. दुसरं मूल ठरलं होतं, सहा वर्षांची मुलगी. फाइलीत तिच्याबद्दल फारसं काही नव्हतं. गाव किनाऱ्यावरचं, आईवडील हयात नाहीत, कारणाची नोंद नाही. पण तिथल्या संस्थेनं तिची वर्षभरातली अकरा चित्रं पाठवली होती आणि प्रत्येक चित्रात समुद्र आणि होडी होती. तिला समुद्राचं वेड आहे, असं नणंदबाईंनी आणि जावईबापूंनी ठरवूनच टाकलं होतं. स्वागताचा सगळा सोहळा समुद्राचा हवा. भिंतीभर लाटा, मधोमध मोठी होडी, तीत घरातली सगळी मुलं बसवायची आणि नवी पोर आली की तिला त्यांच्यात घ्यायचं. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर मी हसू बघत होते.

निघताना मात्र त्या दारात थांबल्या. "आई, एकच अट आहे. या वेळी तू काही बोलायचं नाहीस. बरं नाही, वाईट नाही, काहीच नाही."

सासूबाईंनी मान हलवली. लेक परत आली होती, त्या मुक्या व्हायलाही तयार होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन खाली गेले तर त्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. चित्रं मोठी करून भिंतीवर लावायची होती, म्हणून त्यांनी ती सवयीनं कागदामागे लिहिलेल्या तारखा बघून ओळीनं मांडली होती. मला त्यांनी प्रत्येक होडीतली माणसं मोजायला लावली. पहिल्या होडीत पाच जण होते, दोन मोठे, तीन लहान. सगळ्यात लहानग्याच्या डोक्यावर लाल टोपी. तिसऱ्या चित्रात चारच राहिले, लाल टोपी नव्हती. सहाव्यात तीन. आठव्यात दोन. शेवटच्या तीन चित्रांत होडी रिकामी होती, आणि कागदाच्या कोपऱ्यात, तपकिरी रेघेवर, एक मुलगी एकटी उभी होती.

मुलांना माणसं काढायचा कंटाळा येतो, असं मी म्हणून बघितलं.

"कंटाळलेलं पोर निळाही कमी भरेल," सासूबाई म्हणाल्या. "हे बघ." शेवटच्या चित्रात खडू इतका दाबून फिरवला होता की कागद फाटला होता.

ताईंना सांगायलाच हवं, असं मी म्हणाले. सासूबाईंना बोलायची बंदी होती, तेव्हा तूच सांग, असं त्यांनी मला विनवलं. मी उद्या सांगते म्हणाले आणि माझा उद्या काही उजाडला नाही. खरं सांगायचं तर मी घाबरले. या वेळी काही बिनसलं असतं तर काळी जीभ माझी ठरली असती, आणि घरात एक होती तेवढी पुरे होती. पोर लहान आहे, विसरली असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

सासूबाई निमूट काम करत राहिल्या. निळं साटीन शिवलं, खाली पंखे ठेवले की ते खऱ्यासारखं उचंबळायचं. पुठ्ठ्याची होडी रंगवली. हातात काम नसलं तरी त्यांच्या दातांत टाचण्या असायच्या, जेवायला बसतानाच तेवढ्या काढायच्या. चांगली चित्रं मधे लाव, असं नणंदबाई बजावून गेल्या होत्या. सासूबाईंनी ती तारखेप्रमाणेच लावली.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तपकिरी गोणपाटाचं ठाण काढलं आणि होडीसमोर, निळ्या कापडाच्या कडेनं, भिंतीपासून भिंतीपर्यंत रुंद पट्टी अंथरली. नणंदबाईंनी विचारलं, हे कशाला, हे तर ठरलं नव्हतं. "निळा उठून दिसतो," सासूबाई टाचण्यांमधून म्हणाल्या. पट्टीवर आमचं अख्खं घर उभं राहिलं असतं.

सोहळा सकाळी अकराला होता. पडदे ओढले, निळे दिवे लागले, होडीत सहा मुलं बसली. सगळ्यात पुढे आमचं शेंडेफळ, तीन वर्षांचं. सकाळपासून शिंकत होतं, म्हणून मी हाताला लागली ती टोपी त्याच्या डोक्यावर चढवली होती. ती लाल होती. सासूबाईंचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि त्या पुढे झाल्या, पण तोवर दार उघडलं होतं.

नणंदबाईंचा हात धरून पोर आत आली. ठरल्याप्रमाणे टाळ्या झाल्या, पंखे सुरू झाले आणि निळं कापड उठलं. ती थांबली. रडली नाही, ओरडली नाही. तिनं हात सोडवून घेतला आणि सरळ निळ्यात शिरली. लाल टोपीला काखेत धरून तिनं होडीतून ओढून काढलं, पुठ्ठ्याची कड मोडली, आणि फरफटत आणून तपकिरी पट्टीवर ठेवलं. मग पुन्हा आत गेली.

लोक हसले. कसं छान खेळतेय, असं कुणी म्हणालं, कुणी फोटो काढले. दुसरं मूल आलं, तिसरं आलं. प्रत्येकाला ओढताना ती तिच्या भाषेत एकच शब्द म्हणत होती. तिसऱ्यानंतर हसणं थांबलं. सहाही मुलं बाहेर आली तशी ती मोठ्यांकडे वळली. कॅमेरा घेऊन निळ्यावर उभ्या असलेल्या जावईबापूंना तिनं शर्टाला धरून आणलं. मग नणंदबाईंना. तिची नखं त्यांच्या मनगटात रुतली होती.

पट्टीवर आल्यावर नणंदबाईंनी आधी पायाखाली बघितलं, मग समोरच्या भिंतीकडे. अकरा चित्रं ओळीनं लागलेली होती. त्यांचे ओठ हलत होते, त्या मोजत होत्या. शेवटच्या चित्राशी थांबल्या.

"आई, तुला ठाऊक होतं."

सासूबाईंनी एकेक टाचणी तोंडातून काढून तळहातावर घेतली. "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला भ्याले, पोरी. पुन्हा जाशील म्हणून."

अट कुणी घातली होती, ते नणंदबाईंना आठवलं असावं. माझं नाव सासूबाईंनी घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

सासूबाईंनी वाकून पंख्यांची वायर ओढली. कापड हळूहळू खाली बसलं. पोर ते पूर्ण सपाट होईपर्यंत बघत राहिली, मग तिनं सासूबाईंकडे बोट दाखवलं.

"आई, इकडे ये," नणंदबाई म्हणाल्या. "तू अजून पाण्यात आहेस."

त्या आल्या. आम्ही सगळे गोणपाटावर एकमेकांना खेटून उभे होतो. पोर प्रत्येकाच्या पोटाला हात लावत मोजू लागली. शेवटच्या माणसापर्यंत गेली, वळून रिकाम्या होडीकडे बघितलं. आमच्यातलं कुणीच कमी नव्हतं. ती परत आली आणि लाल टोपीपासून पुन्हा मोजायला लागली.