काळ्या अंगठ्याचा डाग

परवा नातीच्या सायकलची पडलेली चेन बसवली. साबणाने दोनदा हात धुतले तरी बोटांना ग्रीसचा वास राहिलाच, आणि मला आठवीतली सहामाही परीक्षा आठवली.

गणिताचा पेपर होता. सदाशिव पेठेतून शाळेकडे सायकल हाणताना माझी ओढणी चेनमध्ये गेली. मी जितकी ओढली तितकी ती अडकत गेली. तेवढ्यात मागून सायकलवर आमचे गणिताचे सर आले. उशिरा येणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करणारे. सर पांढऱ्या शर्टानिशी रस्त्यावर उकिडवे बसले.

"ओढू नकोस. पायडल उलटं फिरव. ओढणी वाळत घालायला घरी दोरी नाही का?"

ओढणी सुटली. "नीघ आता. मी येतो हात पुसून."

घंटा होता होता मी वर्गात पोहोचले. सर नंतर आले. दारात मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "आज आपल्याला उशीर?"

"माझ्या सायकलची चेन पडली," सर म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग ते प्रत्येकीच्या उत्तरपत्रिकेवर सही करत फिरले. माझ्या पानावर त्यांचा काळा अंगठा उमटला.

पेपर तपासून आला तेव्हा त्या डागाभोवती लाल गोल होता. शेजारी सरांच्याच अक्षरात लिहिलं होतं, "उत्तरपत्रिका स्वच्छ ठेवावी. एक गुण वजा."

त्या एका गुणासाठी मी घरी रडले. रागाच्या भरात ते पान फाडून टाकलं. परवापासून तेवढंच पान हवंसं वाटतंय.