निर्माल्यातली तार

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — ह्यांनासुद्धा नाही, आणि आता ऐकायला ते उरले नाहीत. परवा नातवाने त्याची विजेची गाडी घरातल्याच प्लगला लावली, तेव्हा मी उठून त्या प्लगला उलटा हात लावून पाहिला. तो हसला. आजीला यातलं काय कळतं? — तेच सांगते.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आम्ही खानदेशातून सुरतेला आलो, नवागामात राहायचो. दिवसभर कापडाच्या लूमची खटखट, संध्याकाळी साऱ्या गल्लीत भाकरीचा वास. आजही आठवलं की जीव तिकडेच धावतो. माझे धाकटे दीर, वसंतभाऊजी, लूमवर कामाला होते, पण जीव वायरिंगमध्ये. आमच्या खोल्यांचं वायरिंग त्यांनीच केलेलं. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ भरलं होतं. तुळशीला घालून उरलेलं पाणी मी त्यात ओतायची.

गणपतीत मंडळाच्या लाउडस्पीकरची बॅटरी आमच्याकडे चार्जिंगला असे. त्या वर्षी विसर्जन नीट पार पडलं की पुढे मांडवाची सगळी लाइट भाऊजींकडे, आणि मग लूम सुटणार — असं ठरलं होतं. विसर्जनाच्या दिवशी निघताना ते एवढंच म्हणाले, "वहिनी, बॅटरी चार्जिंगले लागेल शे, आते या बोर्डले दुसरं काईच लावू नका."

मी लावलं. का? शेजारच्या शारदाबेन चहाला येणार होत्या, आणि मला नवी इलेक्ट्रिक शेगडी दाखवायची होती. बस, एवढंच. त्या यायच्या आधीच फ्यूज उडाला. स्टोव्ह पेटवता आला असता — पण मग मिरवायचं काय? जुन्या वायरीतली जाड तार काढून मी फ्यूजमध्ये पिळली. भाऊजींना तसं करताना पाहिलं होतं. फक्त त्यांची तार केसाएवढी असायची.

दूध तापायच्या आत बोर्डातून धूर निघाला. मेन बंद केला, पण बोर्ड आणि चार्जर दोन्ही जळाले होते. मी ती तार उपसून पदराला बांधली, शेगडी माळ्यावर टाकली. शारदाबेनना चहा स्टोव्हवरच करून दिला.

मिरवणूक नुसत्या टाळांवर निघाली. स्वतःच्या घरचं वायरिंग धड नाही, हा मांडव काय उजळणार — असं लोक भाऊजींच्या तोंडावर म्हणाले. मी तिथेच उभी होते. घरी येऊन ते त्या काळ्या भिंतीपाशी बसले आणि स्वतःलाच दोष देत म्हणाले, "मनंच काम कच्चं व्हतं, वहिनी."

मी काय बोलले? — जेवून घ्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी निर्माल्याबरोबर ती तार तापीत सोडली.

त्यांनी पुन्हा पक्कड हातात धरली नाही. आयुष्यभर लूमवरच राहिले. खटखटीने शेवटी ऐकूही येईनासं झालं. मात्र आमच्याकडे आले की बसण्याआधी बोर्डाला उलटा हात लावून पाहायचे, गरम तर नाही ना. मग बसायचे, आणि मी चहा पुढे करायची.