वाचायची परवानगी

नाशकात कुणी काय वाचावं, कुणी काय लिहावं आणि कुणी काय पुसावं हे ठरवणारा एकच माणूस आहे आणि तो आमच्या दैनिकाच्या कचेरीत बसतो, अशी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी पक्की समजूत झाली होती. द्वारका चौकाजवळच्या आमच्या कार्यालयात संगणक आले, सगळ्यांच्या बातम्या आणि पानं एका सर्व्हरवर साठू लागली आणि त्या सर्व्हरवर हे गृहस्थ नेमले गेले. कोणतं फोल्डर कुणाला उघडेल, हे तेच ठरवत. वाचायची परवानगी बहुतेकांना मिळे, लिहायची काहींना. पुसायची परवानगी मागणाऱ्याकडे ते चष्म्यावरून असे पाहत, की त्याला स्वतःच्याच हेतूची शंका येई. खुद्द संपादकांनी ती एकदा मागितली. काय पुसायचंय ते सांगा, मी विचार करतो, असं उत्तर मिळाल्यावर संपादकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

हा स्वभाव सर्व्हरपुरता राहिला नव्हता. कुणी पेन मागितलं तर ते कशासाठी हवं, हे ते आधी विचारत. पुस्तक देताना "वाचायला देतोय, रेघा मारायला नाही," असं बजावत. सर्व्हरवरच्या सगळ्या मजकुराची नक्कल असलेली बॅकअपची टेप ते रोज जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून इंदिरानगरला घरी नेत आणि बसमध्ये गर्दी असली तर स्वतः उभं राहून पिशवीला बसायला जागा करून देत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जाई. मी ते पाहिलेलं नाही, पण ते खोटं आहे असं म्हणायला कचेरीत कुणी तयार नव्हतं. एकदा सिन्नरचं पान छपाईला जाण्याआधी कुणाच्या तरी हातून उडालं. आम्ही ओरडाआरडा करून दमलो, तेवढ्यात त्यांनी ते टेपवरून परत आणून ठेवलं आणि ते उडवणाऱ्याची लिहायची परवानगी आठवडाभरासाठी काढून घेतली.

त्यांचा मित्र एकच, आमचे वरिष्ठ उपसंपादक. दोघे बरोबर नोकरीला लागलेले, एकमेकांना अरेतुरे करणारे. उपसंपादकांच्या वडिलांचा शहराच्या कडेला झेंडूचा आणि भाजीचा मळा होता. तो केव्हाच प्लॉट पडून संपला होता. त्या मळ्यावर ते एक पुस्तक लिहीत होते. घरी संगणक नसल्यामुळे पाळी संपल्यावर कचेरीतच बसून लिहीत. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुराला कात्री लावलेल्या या माणसाला आपला मजकूर कुणी पाहील याची विलक्षण धास्ती होती. "मी सोडून कुणाला उघडता कामा नये. तुलासुद्धा नाही," असं त्यांनी मित्राला सांगितलं. मित्राने ते फोल्डर तसं बंद करून दिलं, आणि इतक्या मनापासून कुणी परवानगी नाकारायला सांगितल्याचा त्यांना आनंद झाला.

बॅकअप घेणारं यंत्र वेगळं होतं. ते नेटवर्कवरून सर्व्हरवर येई, तेही एक वापरकर्ता म्हणूनच, आणि ज्याने त्याने जे उघडं ठेवलं असेल तेवढंच वाचून टेपवर उतरवून घेई. त्या एका फोल्डरपाशी त्याला रोज परवानगी नाकारली जाई. तशी ओळ रोज सकाळी पडद्यावर येई आणि आमचे सर्व्हरवाले गृहस्थ ती आम्हाला कौतुकाने दाखवत. बघा, यंत्रालाही दाद देत नाही, म्हणत. कुलूप पक्कं असल्याची ती खूण आहे, असं त्यांनी धरलं होतं. कुलपाआडचं टेपवर कधी पोचतच नाही, हा त्याच ओळीचा अर्थ त्यांना दिसला नाही. आम्हालाही दिसला नाही, पण ते आमचं काम नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी उपसंपादकांची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस सुरू झालं आणि ते रजेवर गेले. आता कुलूप काढ, लिहिलेलं छापून घरी आणून दे, उरलेलं हाताने पूर्ण करतो, असा त्यांनी मित्राला निरोप पाठवला. त्याच आठवड्यात सर्व्हरची डिस्क गेली. सगळ्यांचं सगळं टेपवरून परत आलं. त्यांचं पुस्तक तेवढं आलं नाही. डिस्क पुण्याला पाठवली, मुंबईला पाठवली. दोन्हीकडून ती तशीच परत आली.

हे सांगायला सर्व्हरवाले गृहस्थ मला बरोबर घेऊन उपसंपादकांच्या घरी गेले. बिछान्यापाशी उभं राहून त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं, त्या रोजच्या ओळीसकट.

"कुलूप मीच मागितलं होतं," उपसंपादक म्हणाले. "तू मात्र चांगलं लावलंस हो."

त्यानंतर दर रविवारी ते मित्राच्या घरी जाऊ लागले. पगारातून घेतलेला जुना संगणक त्यांनी बिछान्याजवळ बसवला. उपसंपादक सांगत, ते टाइप करत. पहिल्या लिखाणात काय होतं हे उपसंपादकांना पुष्कळदा आठवत नसे. एका रविवारी पहाटे फुलांच्या पाट्या न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याचं वर्णन चाललं होतं. त्याचं नाव काही केल्या आठवेना. "जागा सोड, पुढच्या रविवारी सांगतो," उपसंपादक म्हणाले. त्याआधीच्या शुक्रवारी ते गेले.

तेराव्यानंतर मी सर्व्हरवाल्या गृहस्थांबरोबर त्या घरी गेलो. लिहिलेलं छापून उपसंपादकांच्या पत्नीच्या, वहिनींच्या, हाती द्यायचं, एवढंच काम होतं. वहिनींनी शेवटचं पान पाहिलं आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"दगूभाऊ," त्या म्हणाल्या. "आमच्या लग्नात मांडवाची फुलं त्यांनीच आणली होती. घाला ना तेवढं, भाऊजी."

ते हलले नाहीत. लिहिणारा आता नाही, त्याच्या मजकुरात मी कसा हात घालू, असं काहीसं ते पुटपुटले. वहिनी तशाच उभ्या होत्या. मग ते उठले, संगणकासमोरची आपली खुर्ची मागे ओढून त्यांच्यासाठी मोकळी केली आणि म्हणाले, "तुम्ही लिहा."

वहिनींनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत नाव लिहिलं. पूर्ण झाल्यावर त्या उठतील म्हणून मी चपला घालायला निघालो. त्या उठल्या नाहीत. टेम्पो, मांडव, फुलं, असं एकेक करत त्या पुढे लिहू लागल्या. ते खिडकीशी जाऊन, संगणकाच्या पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. मला म्हणाले, "बसा. त्यांचं होऊ द्या."