जे ऐकू येत नाही तेवढंच

धान घरात आलं की आरमोरीला टूरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. माझी थोरली बहीण, जिला मी बाई म्हणायचो, लहानपणी देवी येऊन आंधळी झाली होती. पिक्चर मी तिला कानात सांगायचो. तिचा नियम एकच, जे ऐकू येतं ते सांगायचं नाही. दार वाजलं तर दार म्हणायचं नाही. दारात कोण थांबलं, त्याचे हात कुठे आहेत, एवढंच. जास्त बोललो की चिमटा बसे. "मले का कान नाई? चूप राह्य."

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात नागपूरचा एक दिग्दर्शक आमच्या मागे बसून आमची कुजबुज ऐकत होता. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांवर त्याने एका सरकारी खात्यासाठी माहितीपट केला होता आणि निवेदन काही जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो घरी आला. शाळेच्या खोलीत त्याने फिल्म लावली. मी सांगत गेलो, बाईने त्यातलं निवडलं आणि ती टेपवर बोलली. "ऊन तिच्या मानेवर आलं." मग बराच वेळ फक्त पानांची सळसळ. "पोरगं सावलीकडे सरकलं." पाखरू ओरडे तिथे ती गप्प बसे. तिच्या गप्प बसण्यासाठी त्याने दोन दृश्यं लांबवली. म्हणाला, आता कुठे फिल्म झाली.

बाईने गल्लीभर सांगून ठेवलं, "माहा आवाज येनार हाये." कुणी तिच्याकडून काम करून घेतल्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढच्या वर्षी गडचिरोलीला फिल्म दाखवली. पहिल्या रांगेत ती नवं लुगडं नेसून बसली. पडद्यावरून एक भारदस्त पुरुषी आवाज बोलू लागला आणि थांबलाच नाही. पानं खुडली की म्हणे, पाहा, पानं खुडत आहेत. आवाजाखाली सतार. पानांची सळसळ कुठे नव्हती.

"बाबू, माहा आवाज कवा येते?"

"येईल," मी म्हणालो. फिल्म संपली.

मग तिला स्टेजवर नेऊन शाल दिली. अंध भगिनी, म्हणाले. टाळ्या झाल्या. दिग्दर्शक खाली मान घालून आमच्याजवळ आला. "वरून बदल झाला, बाई. भाषा शुद्ध नाही म्हणाले. ती टेपही पुसून दुसऱ्या कामाला वापरली. पण सुरुवातीला तुमचा फोटो ठेवलाय."

"फोटो मले कसा दिसन, भाऊ?" तिने सहज विचारावं तसं विचारलं.

त्या हिवाळ्यात तंबू लागला तेव्हा मीच आग्रह करून तिला नेलं. पडदा उजळला, मी तिच्या कानाशी वाकलो. तिने हाताने मला दूर सारलं. "राहू दे. तू पाह्य."

मी पाहिला. पहिल्यांदाच अख्खा पिक्चर न बोलता पाहिला. त्यातलं आज काहीही आठवत नाही. बाई जाऊन आता वर्ष होईल.