माझ्या अंगठ्यातला घोस

रिसोडच्या त्या लॅबवाल्याला मी एकदाच भेटलो. पायाच्या अंगठ्याच्या जखमेतला पू त्याने काचेवर पसरला, रंगवला आणि रिपोर्टआधी मलाच सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. प्रत्येकाला तो असंच बसवतो म्हणे. भिंगाखाली जांभळे गोल दाणे द्राक्षांसारखे दाटले होते.

"कोणाचे हे?"

"तुमचेच जंतू, गुर्जी. साखळी धरणारे येगळे, हे घोस करून राह्यतात."

मी खुर्चीसकट मागे सरकलो. मधुमेह असून, जखमेवर हळद दाबून, मी महिनाभर निवृत्तीच्या सत्कारांत बूट घालून मिरवत होतो.

"लोकांना कशाला दाखवता?"

"सांगून कोणी आयकत नाई. माह्या बापालेबी सांगतलं होतं. पाय कापला त्याचा."

तासाभरात आणखी एक शाल मिळणार होती. मी बूट हातात घेतला आणि विचारलं, "डॉक्टर आता असतील का?"