साल सोलून बघायची सवय

शंभरातले बासष्ट डोळे वाळलेले निघाले, तेव्हा आमचे मालक दिवाकरभाऊ शेवटच्या रोपाशी वाकले. चष्मा पुसला आणि लाइन परत एकदा शेवटपर्यंत चालून आले. मालक ओरडला तर बरं असतं हो.

वरूडजवळच्या त्यांच्या संत्रा नर्सरीत मी बावीस वर्षं पट्टी बांधली. संत्र्याचं झाड कोणी बी टाकून करत नाही. जंबेरी नावाचं खडबडीत लिंबू असतं, त्याचं रोप पेन्सिलीएवढं झालं की सालीला चाकूनं छेद द्यायचा, साल जराशी उचलायची आणि आत संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची कळी सालीसकट काढलेली, सरकवायचा. याला डोळा भरणं म्हणतात. वर प्लॅस्टिकची पट्टी. तीन आठवड्यांनी पट्टी सोडायची. डोळा हिरवा असला तर लागला. चाकू माणसाच्या हातात आणि पट्टी बाईच्या, अशी आमच्याकडची रीत.

मला चाकू पाहिजे होता. बावन्नाव्या वर्षी हट्टच धरला म्हणा ना. दिवाकरभाऊ म्हणाले, टेस्ट देतो, शंभरातले ऐंशी लागले तर पुढच्या सीझनला तुम्ही भरा.

तयारी माझी वर्षभराची होती. कामावरून येताना छाटणीच्या फेकलेल्या काड्या ओच्यात आणायची आणि सकाळी चहा उकळेपर्यंत वीस छेद द्यायची. एक दिवस खाडा नाही. भाचीच्या लग्नाला अकोल्याला जठारपेठेत गेले, तर तिथंही काड्या घेऊन गेले. पाहुण्यांना वाटलं, दातवण आणलं. हात असा चालायला लागला की स्वतःचं स्वतःलाच कौतुक. आणि बासष्ट वाळले.

आमचे जुने डोळे भरणारे सुखदेवमामा येऊन लाइनीत उकिडवे बसले.

"वेणूबाई, हे डोळे भरले का भेंडी चिरली?"

मी तोंड फिरवलं. रडू येत होतं. मामांनी एका रोपाची साल नखानं सोलली. आत पांढऱ्या लाकडावर चाकूची रेघ होती. दुसरं सोललं, तिथंही रेघ. चाकू सालीपुरताच चालायला पाहिजे, लाकडाला लागला की डोळा धरत नाही.

"शिकल्या कायच्यावर?"

"फेकलेल्या काड्यांवर."

"वाळल्या काडीची साल सुटत नाही, मंग जोर लावा लागते. जित्या झाडाले जोर लागत नाही, बाई. तुमी वर्षभर जोर लावाचाच सराव केला. आता थो पक्का झाला."

वर्षभराची मेहनत, आणि तिनंच घात केला. मी विचारलं, आता काय करू? मामा म्हणाले, कुंपणाकडची वाकडी रोपं तशीही फेकणारच आहेत, त्यांच्यावर रोज पाच छेद द्या. जास्त नाही. आणि दर छेदानंतर साल सोलून लाकूड बघा.

सुरू केलं. पहिले आठ-दहा दिवस पाचही रोपांना रेघ. हात ऐकतच नव्हता. मी हळू म्हणायची, तो दाबायचा. मग एका सकाळी एक लाकूड कोरं निघालं. पुढच्या आठवड्यात दोन. मध्येच परत पाचही बिघडले, त्या दिवशी मी मामांशी बोललेच नाही. महिना उलटला तसं पाचही कोरे निघायला लागले.

सीझन संपत आला होता. मामांनीच भाऊंकडे शब्द टाकला. भाऊ नाइलाजानं म्हणाले, कडेची लाइन उरली आहे, घ्या. मी सावकाश शंभर डोळे भरले. मामा मागून माझी पट्टी बांधत आले. सगळी नर्सरी बघत होती आणि मामांना त्याचं काही वाटत नव्हतं.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. सत्त्याऐंशी हिरवे. भाऊंनी दोनदा मोजले. मग म्हणाले, "ते सगळं ठीक आहे वेणूबाई, पण आता पट्टी कोण बांधन?"

त्याला सात सीझन झाले. चाकू माझ्याकडेच आहे आणि माझ्या हाताखाली चार बाया शिकून राहिल्या. रोज थोडं करा, हे त्यांना सगळेच सांगतात. मी एवढंच जोडते की हाताला बरोबर-चूक कळत नाही, रोज जे द्याल ते तो शिकून बसतो. म्हणून दिवसाचं पहिलं रोप आम्ही सोलून बघतो. रोज एक रोप वाया जातं म्हणून भाऊ कुरकुर करतात. करू द्या.