एरंडेल लावलेला मूग

मुगातले भुंगे पाळणं हे माझं काम आहे, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग घरचं कडधान्य टिकवायचा उपाय विचारतात. हल्ली मी समजावून सांगायचा नाद सोडलाय. नाशिकच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, आणि उरलेल्या वेळात, पीएचडीच्या नावाखाली, सहा वर्षं भुंग्यांच्या पिढ्या मोजल्या.

काम कंटाळवाणं होतं. एकाच मुगातल्या भुंग्यांचे मी दोन वंश केले होते. पहिल्यात मादीने पहिल्या दिवशी घातलेली अंडी तेवढी ठेवायची, बाकीची टाकून द्यायची. दुसऱ्यात मादीला आठ दिवस मूग दाखवायचाच नाही. तोवर जी जगेल तिचीच अंडी पुढे न्यायची. हळूहळू पहिला वंश घाईचा झाला, भराभर अंडी घालून चार-पाच दिवसांत मरणारा. दुसरा सावकाश, चिवट. उन्हाळ्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत सगळेच भुंगे लवकर निघतात आणि बारके निघतात, म्हणून दोन्हींना उष्मा सारखाच मिळावा यासाठी बरण्या एकाच फळीवर. एवढं करून उरेल तो फरक रक्तातला, हे मला दाखवायचं होतं. ते झालं की प्रबंध लिहून एकदाचं सुटायचं.

मूग आई द्यायची. दुकानातल्या मुगाला कसली कसली पावडर असते, म्हणून सिन्नरजवळच्या आमच्या शेतातला, काहीच न लावलेला. घरच्या मुगाला ती एरंडेल चोळायची, माझा तेवढा वेगळा ठेवायची. एरवी मी दाणे बोटांत चोळून बघते. त्या दिवशी सकाळपासून परीक्षेची सुपरव्हिजन करून पाय दुखत होते. घाईच्या नव्या भुंग्यांवर आणि आठ दिवस थांबलेल्या सावकाश माद्यांवर नव्या पिशवीतला मूग ओतला आणि घरी गेले. मागच्या पिढीच्या बरण्या आदल्याच दिवशी रिकाम्या केल्या होत्या, कारण ठेवायला जागा नव्हती; म्हणजे हाताशी होते ते एवढेच भुंगे.

सहाव्या दिवशी बरण्या उघडल्या. घाईचे सगळे मरून पडले होते. दाण्यांवर अंड्यांचे पांढरे ठिपके असतात, त्यातला एकही नाही. मूग हातात घेतला तर बोटं तेलकट झाली. सावकाश वंशातल्या थोड्या माद्या मात्र काचेवर फिरत होत्या. त्यांना कपाटातला जुना कोरडा मूग घातला. दुसऱ्या दिवशी त्यावर ठिपके होते.

मी एसटीने घर गाठलं. आई ओट्यावर तूर निवडत बसली होती.

"माझ्या मुगाला एरंडेल कुणी लावलं?"

"मीच. भुंग्यांनी जीव नकोसा केला म्हणत होतीस ना? आता एक बी नाय व्हायचा."

मी ओरडले. सहा वर्षं गेली माझी, कळतंय का तुला? "मला वाटलं तुझा ताप कमी व्हईल," ती एवढंच म्हणाली. ते ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली, आणि राग तरीही गेला नाही.

तूर निवडता निवडता तिनेच विचारलं, "सगळेच मेले?"

"घाईचे मेले. दुसरे थोडे वाचले. दाणा बरा नाही म्हणून त्यांनी अंडी पोटात धरून ठेवली. घाईच्यांना तेवढं आयुष्यच नव्हतं."

"ते मुळातच तसे व्हते?"

"नाही. मी केले तसे. घाई करेल त्याचीच पोरं ठेवत गेले."

तिने तुरीचं सूप बाजूला ठेवलं.

"मी पंधराची व्हते ह्या घरात आले तवा. इसाव्या वर्षी तीन लेकरं. चाळिशीत गुडघे गेले. मला वाटायचं, आपली हाडंच तशी, आईची बी तशीच व्हती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला थांबू दिलं असतं तर मी टिकले असते का गं?"

रक्तातलं किती आणि वाट्याला आलेलं किती, सहा वर्षं मी ह्याच प्रश्नात घालवली होती, आणि आता ताडून बघायला घाईचा वंशच उरला नव्हता.

"माहीत नाही, आई," मी म्हणाले.